हवेला साबण लावणारे यंत्र

प्रति,
मा. तंत्र अधिकारी (तक्रार विभाग),
सागरतट स्वयंचलित यंत्रे,
विभागीय कार्यालय, रत्नागिरी.

विषय : गाडी धुण्याच्या यंत्राच्या सेन्सरवर कायमचा तोडगा मिळणेबाबत.

संदर्भ : आपले तंत्रज्ञ श्री. अजिंक्य यांचा 'दोष आढळला नाही' हा वारंवारचा शेरा.

महोदय,

१. अर्जदार रसिका अनिल गोताड ही पतीसह भाट्ये रस्त्यावर आपल्याकडील यंत्र चालवते. दसऱ्यापासून यंत्राने ताळतंत्र सोडले आहे. गाडी नसताना ती आहे असे समजून ते हवेला साबण लावते, आणि गाडी धुऊन झाली तरी ती आतच आहे अशा समजुतीने फाटक उघडत नाही. निवृत्त शिक्षक भिकाजी गुरुजी फेसात अडकून हॉर्न वाजवत बसले. सुटल्यावर ते जे बोलले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

२. पुस्तिकेतले सगळे उपाय अर्जदाराने केले. वायर तपासली, खाऱ्या हवेचा गंज घासला, लाल चिखल धुतला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. डोके तेवढे आपटायचे राहिले. मग एके सकाळी चोर सापडला. अर्जदाराच्या सासूबाई, श्रीमती गोदा, सेन्सरच्या काचेवर हळदकुंकू लावत होत्या.

३. खंडेनवमीला सुरू केलेली पूजा त्यांनी थांबवलीच नव्हती. "डोळा हाय ना त्याला? मंग कुंकू नको?" हा त्यांचा सवाल. अर्जदाराने काच पुसली, तर "सवाष्ण बाई तू, नि हातानं कुंकू पुसतेस?" म्हणून त्या दिवसभर जेवल्या नाहीत. श्री. अजिंक्य येतात ते आधी फडक्याने काच पुसतात आणि मग तपासतात. पुसलेल्या काचेत दोष कसा आढळणार, साहेब? वर सासूबाईंच्या हातचा चहा पिऊन "आजी, तुमच्या पूजेनेच चालतंय हो" असे सांगून जातात. अहो, काय म्हणावे या माणसाला!

४. पती श्री. अनिल या यंत्रासाठी मुंबईची नोकरी सोडून आले. नाताळची गर्दी हातची गेली तर ते परत जाणार. बॅग माळ्यावरून खाली आलीही आहे. अर्जदाराला ते नको आहे, स्पष्टच लिहिते. भांडता भांडता सासूबाईंना विचारले, हा हट्ट कशासाठी? तर म्हणाल्या, "ह्ये बंद पडलं तर माझा अनिल जाईल गो." त्यानंतर अर्जदाराला भांडता आले नाही.

५. तरी विनंती की, कशालाही न जोडलेला एक जादा सेन्सर यंत्राच्या दर्शनी भागी, सासूबाईंचा हात पोचेल अशा उंचीवर बसवून मिळावा. तो खऱ्यापेक्षा मोठा व चकचकीत असावा. पूजेचा डोळा हाच, असे श्री. अजिंक्य यांनी स्वतः येऊन सांगावे; सुनेचे त्या ऐकत नाहीत. बसवल्यावर त्याला पहिले कुंकू अर्जदार आपल्या हाताने लावील.

आपली, हात टेकलेली,
रसिका अनिल गोताड
भाट्ये, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
काचेचा फोटो, कुंकवासह.
भिकाजी गुरुजींची तक्रार (निवडक भाग).