परत आलेला चुचुक

प्रिय मेएरिम,

अलाईच्या डोंगरात तुझी एक आजी आहे आणि अजून जिवंत आहे, एवढं कळवायला हे पत्र. ओशमध्ये समुपदेशनाच्या खुर्चीत बसून जगाची दुःखं ध्यानात ठेवतेस, त्यात म्हातारी कुठे सांडली कोण जाणे! मी रागाने दोनदा फोन घेतला नाही, तर तिसऱ्यांदा करायचा नाही का? माझी शाळा मेंढ्यांनी खाल्ली, म्हणून मी सांगते आणि शेजारच्या सोनुनची सून बेगायिम लिहिते आहे. हो, तीच. दचकू नकोस, तिनेच हट्टाने पेन घेतलंय.

वसंतात सोनुनने मला गळ घातली होती, "आपा, सून दर गुरुवारी तुमच्या नातीकडे जाते आणि डोळे सुजवून येते. माझ्याबद्दल काय ओकते, तेवढं विचारा की!" सोबत घोड्याचं मांस आतड्यात ठासून केलेला हातभर चुचुक दिला. मी तो निरोपासकट व्हॅनवाल्याकडे दिला. चौथ्या दिवशी चुचुक परत, आणि तुझा निरोप, की माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, हेसुद्धा सांगणार नाही. अगं, आम्हीच तिला व्हॅनमध्ये बसवून देतो! आपल्याकडे आलेलं अन्न परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. सगळ्या गावाने पाहिलं. नात शिकली आणि रीत विसरली, असं मी चारचौघींत बोलले.

पण चुचुक परतलेला बेगायिमनेही पाहिला. तोवर ती तुझ्यासमोर हवापाण्याचंच बोलायची म्हणे; तू माझी नात, म्हणजे तिच्या सासूचाच कान. (लिहू द्या म्हणते, तिचं तिनेच मला सांगितलंय.) पुढच्या गुरुवारी ती पहिल्यांदा खरं बोलली. काय, ते मी विचारलं नाही, बघ, सुधारले. आता ती सासूला म्हणते, "थोडं थांबा, मी दमलेय." आणि सोनुन थांबते. कुरकुरते, पण थांबते. परवा मला म्हणाली, "आपा, ही तुमची नात आहे की कुलूप?" मी म्हटलं, कुलूपच, आणि किल्ली माझ्याकडेही नाही. म्हणताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

तुझ्या आईच्या आधी मला एक मुलगी होती, मेएरिम. सात महिन्यांची. उन्हाळी कुरणावर असताना वारली. पन्नास वर्षं मी तिचं नाव घेतलं नाही, तुझ्या आजोबांपाशीसुद्धा नाही. बेगायिमचं पेन थांबलंय. लिही गं. मला ते कुणापाशी तरी बोलायचंय. तुझ्यापाशी नाही, घरच्या माणसाला तू समोर बसवत नाहीस, ते का, हे मला आता कळतं. तुझ्याइतकीच घट्ट तोंडाची, पण माझी कुणी न लागणारी बाई शोध आणि वार कळव. मी येते. आणि व्हॅनवाल्याबरोबर उझगेनचा तांबडा तांदूळ पाठव, दोन किलो, नव्या पिकाचा नको, जुना. नवा माझ्या पुलावात चिकट होतो.

रुसवा सोडलेली, तुझीच
आजी