व्हय म्हाराजा म्हणणारं माणूस

प्रिय श्रुतिका, माझे बाय,

तू म्हणशील, आजीला पत्र कुठून आठवलं. फोनवर काही सांगायला गेलं की तू म्हणतेस, आजी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. पत्र कसं, पडून राहतं बिचारं, तुला वेळ होईल तेव्हा उघड. माझी शाळा चौथीपर्यंतच, काना-मात्रा चुकला तर समजून घे. बंगळूरचा पत्ता समोरच्या सुलक्षणाने इंग्रजीत लिहून दिलाय, म्हणजे पोचेल.

काल तुझा फोन आला, प्रेझेंटेशन झकास झालं म्हणालीस, तेव्हापासून मी सगळ्या बोरीवलीत मिरवतेय. भाजीवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, आजी, ते काय असतं? मी म्हटलं, पडद्यावर दाखवायचं आणि माल खपवायचा. म्हणतो कसा, मग मी रोजच करतो, पडदा तेवढा नाही. वांगी मात्र किडकीच दिली मेल्याने.

गेल्या आठवड्यात मला व्हिडिओवर समोर बसवून सराव केलास ना, मला एक अक्षर कळत नव्हतं. पण तुझा सूर असा लागला, आमचा माल वेळेवर पोचेल, तुमचं गोदाम रिकामं राहणार नाही, तुमचा धंदा वाढेल, की माझ्या तोंडून गेलंच, व्हय म्हाराजा. किती चिडलीस. म्हणे, आजी, हे गाऱ्हाणं नाहीय, ऑफिसचं काम आहे. पुढच्या वाक्यालाही माझं तेच, तेव्हा हसत सुटलीस. काय करू गो, इतकी वर्षं तुझे आजोबा गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचे, देवाकडे एकेक मागायचे, आणि आपण सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. जीभ वळते ती वळतेच.

आठवतात ना तुला आजोबा? डोळे मिटायचे, पण एक किलकिला ठेवायचे, कोण गप्प आहे ते बघायला. एकदा तू नैवेद्याआधीच मोदक तोंडात कोंबला होतास. लगेच म्हणाले, ह्या चेडवाच्या तोंडात जो मोदक अडाकलो हा, तो गिळूची ताकद हिका दी रे म्हाराजा. सगळं घर ओरडलं, व्हय म्हाराजा. तेव्हा आपल्या दाराबाहेर जिन्यापर्यंत चपला असायच्या.

आणि प्रेझेंटेशनच्या हॉलमध्ये तूही तेच केलंस की. पडद्यावरचं वाचून दाखवायचं सोडलंस, एकेक अडचण सांगून थांबलीस, विचारलंस, तुमच्याकडे असं होतं का? आणि मागे फोनात डोकं घालून बसलेल्या मोठ्या साहेबाला नाव घेऊन विचारलंस, तर तो बोलायला लागला तो थांबेना. सगळ्यांचे फोन खाली गेले, म्हणालीस. मला तर आजोबांचा तो किलकिला डोळाच दिसला. ते असते तर गिरणीतले जुने दोस्त शोधून शोधून सांगत फिरले असते.

आता गणपती जवळ आले. तुझ्या बाबाला, हर्षदला, यंदाही मस्कतहून सुट्टी नाही. मूर्ती सांगून ठेवलीय, लहानशीच, मला उचलेल एवढी. माळ्यावरचा पाट सुलक्षणाच्या नवऱ्याने काढून दिला.

मागल्या वर्षीचं तुला बोलले नाही. आरती झाली, सुलक्षणा तिच्या घरच्या गणपतीकडे पळाली. मी नारळ ठेवला आणि आजोबांसारखं गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, ह्या घरातली पोरां खंय खंय पांगली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा. आणि थांबले. सवयीने थांबले. पंखा तेवढा फिरत होता. मग मीच म्हटलं, व्हय म्हाराजा. मागणारी मी आणि होकार भरणारीही मीच. देवालाही कसंतरीच झालं असेल.

तेवढ्यासाठी हे लिहिलं, बाय. एक दिवस ये. यंदाचं गाऱ्हाणं तू घाल. बायकांनी घालायचं नसतं असं गावाकडचे म्हणतील, म्हणू देत. मोदक आधी खाल्लास तरी चालेल. मी समोर बसेन, आणि डोळे भरून आले नि गप्प राहिले, तर माझंही नाव घे.

तुझीच,
वाट बघणारी आजी