टेबलाच्या चार बाजू

प्रिय ताई,

हे पत्र हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला काय हसायचं ते आधीच हसून घे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जेवलीस का, झोपलीस का, दाराला कडी लावलीस का, असं विचारतेस. कडीचं नाव काढलं की मी खरंच उठून बघून येते, आणि परत येईपर्यंत तुझा विषय बदललेला असतो. पत्रात तुला मला अडवता येणार नाही. मलाही मध्येच उठून पळता येणार नाही.

परवा वर्गात मला आपलं जेवणाचं टेबल आठवलं. मी शाळेच्या फाटकापाशी रोज ओकायचे, म्हणून बाबांनी हात टेकले आणि मला तुझ्या ताब्यात दिलं, ते दिवस. तू कॉलेजातून यायचीस, अर्धा कप चहा प्यायचीस आणि टेबलाच्या त्या बाजूला पुस्तक उघडून बसायचीस. मी समोर. पुस्तक तुझ्याकडे सुलट, अक्षरांखाली तुझं बोट. काही महिन्यांत मी घडाघडा वाचायला लागले. बाबा कौतुकाने जवळ आले, पुस्तक फिरवून माझ्यापुढे सरळ धरलं, आणि मला एक अक्षर लागेना. मी सगळं उलटं वाचायला शिकले होते. बाबांनी कपाळावर हात मारला. तू मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस आणि म्हणालीस, चूक शंकीची नाही, खुर्चीची आहे. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी तू मला तेच पान टेबलाच्या चारही बाजूंनी वाचायला लावलंस. मी रडले तेव्हा जे म्हणालीस, ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "खुर्चीची चूक असली तरी वाचायचं तुलाच आहे."

आता आमच्या शरीररचना विभागातल्या टेबलाबद्दल. मी त्याचं कौतुक इतकं करते की तू त्याला 'जावईबापू' म्हणायला लागली आहेस. तर हे जावईबापू म्हणजे माणसाच्या उंचीचा, आडवा ठेवलेला एक पडदा. खऱ्या माणसांच्या स्कॅनवरून बनवलेलं अख्खं शरीर त्यावर उताणं पडलेलं दिसतं. बोट फिरवलं की कातडी बाजूला होते, मग स्नायू, मग हाडं. आडवी रेघ ओढली की त्या जागी शरीराचा काप उघडतो, अगदी सीटी स्कॅनमध्ये दिसतो तसा. शेजारच्याच हॉलमध्ये आमची खरी, दान केलेली शरीरं आहेत. तिथे मुलं वास सहन करत, हळू आवाजात बोलतात. इथे मात्र जत्रा. पण ताई, मला हे टेबल मनापासून आवडतं. मी पुस्तकातल्या चित्रांवर जे शिकायला वर्ष घालवलं, ते ही मुलं आठवड्यात बघतात.

एकच नियम मी पहिल्या दिवसापासून सांगते. स्कॅनचा काप बघताना आपण पेशंटच्या पायाशी उभं राहून त्याच्या आत बघतोय असं समजायचं. म्हणजे त्याची डावी बाजू चित्रात आपल्या उजवीकडे येते. पोटाचा काप असेल तर यकृत पेशंटच्या उजवीकडेच असतं, ते बघून कुणीही सावरून घेतं. डोक्याच्या कापात तशी सोय नाही. मेंदूचे दोन्ही अर्धे जुळ्या भावांसारखे. तिथे बाजू ठाऊकच असावी लागते.

परीक्षेत मी तोच प्रश्न घातला. भिंतीवरच्या पडद्यावर डोक्याचा एक काप, कवटीच्या आत एका बाजूला साकळलेलं रक्त. कोपऱ्यातलं बाजू सांगणारं अक्षर मी झाकलं होतं. रक्त कुठल्या बाजूला आहे एवढंच लिहायचं, आणि ते चुकलं तर प्रात्यक्षिकात नापास, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं. वर्गातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उलटी बाजू लिहिली. त्यात वर्गात पहिली येणारी मुलगीही होती. माझी झोप उडाली. तुला माहीत आहे मी कशी आहे. पेपर पुन्हा तपासले, मग स्वतःचं उत्तर तपासलं, मग मलाच डावं-उजवं कळतं ना म्हणून हातातलं घड्याळ बघितलं.

ती पहिली येणारी मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आली. रडायला आली असेल असं वाटलं, पण तिने विचार करून ठेवला होता. म्हणाली, "मॅडम, मी कायम डोक्याकडच्या बाजूला उभी असते. पायाकडे खूप गर्दी होते." मग मी एकेका नापास मुलाला विचारलं. सगळे डोक्याकडचे. ताई, टेबल आडवं आहे. मुलं त्याच्या चारही बाजूंनी उभी राहतात. डोक्याकडून बघणाऱ्याला पेशंटची डावी बाजू त्याच्या डावीकडेच दिसते, आणि तेच त्याच्या डोळ्यांत बसतं. मी नियम बोलत राहिले, मुलं मान डोलवत राहिली, आणि त्यांचे डोळे उलटं शिकत राहिले. अगदी माझ्या पुस्तकासारखं. मी, जिला हे जगात सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिला वर्षभर दिसलं नाही.

हे मी मोठ्या सरांना जाऊन सांगितलं. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख, तू त्यांना लग्नाच्या फोटोत मागे उभा असलेला मामा म्हणतेस ते. माणूस वाईट नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना हायसं वाटलं. चूक मांडणीची आहे ना, मग प्रश्न रद्द करा, सगळ्यांना गुण द्या, निकाल सोमवारी जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या स्कॅनवर कोपऱ्यात अक्षर असतंच, ते झाकून पोरांना कात्रीत पकडण्यात काय मोठेपणा? मी नाही म्हटलं. सर म्हणाले, "अहो मॅडम, एवढ्याशा डाव्या-उजव्यासाठी पोरांचं वर्ष अडवून तुम्हाला काय मिळणार आहे?"

माझं काम दरवर्षी पुढे चालू ठेवायचं की नाही, हे त्यांच्याच शेऱ्यावर ठरतं. यंदाचा शेरा अजून लिहायचा आहे. खरं उत्तर माझ्या तोंडात होतं, पण ते माझं नव्हतं, तुझं होतं. म्हणून मी फक्त तुझं वाक्य वापरलं. म्हटलं, खुर्चीची चूक असली तरी वाचायचं त्यांनाच आहे, सर. त्यांना काही कळलं नसावं. मग कळेल असं बोलले. नापास मुलांना मी रोज संध्याकाळी टेबलाभोवती फिरवीन. एकच काप चारही बाजूंनी वाचायला लावीन आणि पुढच्या गुरुवारी परत परीक्षा घेईन. वर्ष कुणाचं जाणार नाही, निकाल तेवढा उशिरा लागेल. प्रश्न रद्द होणार नाही. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, करा, पण उशिराचा जाब वरून आला तर तुमच्या नावावर जाईल. मी जाऊ दे म्हटलं. बाहेर आल्यावरही शब्द मागे घेतला नाही.

कालपासून सुरुवात झाली. मुलं आधी कुरकुरली, मग पत्त्यांच्या डावासारख्या जागा बदलायला लागली. एकाने मला विचारलं की मॅडम, तुम्हाला उलट्या बाजूनेही इतकं पटकन कसं दिसतं? मी म्हटलं, माझी शिक्षिका फार कडक होती.

आता ते उत्तर, जे मी सरांना दिलं नाही.

ताई, तुझ्या स्कॅनवर कोपऱ्यात अक्षर होतं. तू जिन्यावरून पडलीस, बेशुद्ध होतीस, बाबा खाली औषधांच्या रांगेत होते. तो तरुण डॉक्टर फिल्म प्रकाशावर धरून बघत होता आणि मी त्याच्या कोपरापाशी उभी होते. रक्त चित्रात उजवीकडे होतं. त्याने तुझी उजवी बाजू उघडली. तिथे काही नव्हतं. मग डावी. मधल्या वेळात तुझा उजवा हात गेला, तोच, ज्याचं बोट माझ्या अक्षरांखाली फिरायचं. बाबा म्हणाले, झालं गेलं, पोरगी वाचली. तो डॉक्टर तुझ्या खाटेशी येऊन उभा राहिला, तर तूच डाव्या हाताने त्याला बस म्हणून खूण केलीस. नंतर मला म्हणालीस की एक खूण दुखापतीची, एक घाईची, दोन्हीकडे असल्या की भांग तरी मधोमध दिसतो. तेव्हापासून त्या खुणा झाकायला तू केस मोकळे ठेवतेस आणि आपण कुणी त्यावर बोलत नाही. मला त्या माणसाचा इतकी वर्षं राग होता. या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, तोही कुठल्यातरी टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभा राहून शिकला असेल, आणि कुणीतरी त्याचा प्रश्न रद्द केला असेल.

हे मी तुला न विचारता वर्गात सांगणार नाही. नाव न घेताही नाही. तू नको म्हणालीस तर विषय संपला, आणि परीक्षा गुरुवारी तरीही होईल. पण त्या मुलांना मी डावं-उजवं शिकवू शकते, ते कशासाठी हे एकटीने शिकवता येत नाही. म्हणून हे पत्र. बुधवारी संध्याकाळी माझ्या वर्गात ये. भाषण नको, काही समजवायलाही नको. टेबलाच्या त्या बाजूला खुर्ची ठेवते, तू तिच्यावर बस, त्यांना काय विचारायचं ते विचारू दे. मी तुझ्यासमोर बसेन. आणि ताई, येताना केस वर घट्ट बांधून ये.

तुझीच, अजून कडी तपासणारी,
शंकी