गिअरबॉक्सच्या तेलाचा तपास

३ जून, सोमवार. सकाळी ७.१०
पहिला गिअर आजही अडला. कर्रर्र! समोरच्या काकूंनी बाल्कनीतून बघितलं. मुद्दाम बघितलं.
रविवारी मुलीला नोकरीच्या गावी सोडायचंय. तिची पहिली नोकरी. बावीस वर्षांपूर्वी तिला हॉस्पिटलातून याच गाडीने घरी आणलं, आता सोडायचं तेही याच गाडीने, हे मी घरात जाहीर केलंय. ती लगेच हो म्हणाली. मेहुणा मध्येच म्हणाला की माझी ऑटोमॅटिक आहे, मी सोडतो. नम्रपणे नकार दिला. जी गाडी स्वतःच गिअर बदलते, ती उद्या आणखी काय काय बदलेल!

संध्याकाळी ६
मेकॅनिककडे जाऊन आलो. सीटवर बसल्या बसल्या म्हणाला, क्लचखालची मॅट फार जाड आहे, आधी ती काढा. मॅट गेल्याच महिन्यात टाकली, ती याच्याच बुटांच्या चिखलापायी. त्याला खुपणारच. कानाडोळा केला. मग म्हणाला की गिअरबॉक्सचं तेलही जुनं झालंय, जीएल-४ घालू. मी विचारलं, पाच का नको? म्हणे जीएल-५ जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातं. तेल पितळ खातं! चारचे डबे पडून असणार गोदामात. संशयाला जागा आहे.

४ जून, मंगळवार
तेलाच्या दुकानात गेलो. मेकॅनिकचं नाव काढलं नाही. दुकानदारानेही जुनी गाडी म्हटल्यावर चारच काढून दिलं. निघताना भिंतीवर बघितलं, तर मेकॅनिककडे आहे तेच कॅलेंडर. यांचं साटंलोटं आहे.
निर्णय: तेल मी स्वतः निवडणार, स्वतः घालणार.

५ जून, बुधवार
गाडीचं मॅन्युअल शोधलं. तेलाचं पानच गायब. नेमकं तेच! ही म्हणाली की कपाट डुगडुगत होतं तेव्हा तुम्हीच ते फाडून पायाखाली सारलंत. मला आठवत नाही. कपाट उचललं. कंबर धरली. पानावर छापलंय: जीएल-४.
पण पान बावीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा यांना पाचबद्दल काय कळत होतं? शिवाय मेकॅनिक, दुकानदार आणि कंपनी, तिघं एकच आकडा सांगतात म्हणजे पाणी मुरतंय.
जीएल-५ आणलं. दुसऱ्या दुकानातून.

७ जून, शुक्रवार
मेकॅनिकचा फोन. मी स्वतः काम करणार हे याला कोणी सांगितलं? हिच्यावर लक्ष ठेवायला हवं. म्हणाला, साहेब, करायचंच असेल तर आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा सोडा. उलटी पद्धत शिकवून मला अडकवायचा डाव आहे. रिकामं केल्याशिवाय कोणी भरतं का?

८ जून, शनिवार. सकाळी १०
खालचा बोल्ट एका झटक्यात सुटला. काळंकुट्ट तेल भांड्यात. मुलगी शेजारी बसून पाने-पक्कड देत होती. तिने विचारलं की बाबा, ते काका आधी वरचा म्हणाले होते ना? तिला समजावलं की अनुभव ही वेगळी गोष्ट असते.

दुपारी १
वरचा बोल्ट हलत नाही.

दुपारी ४
बोल्टचे कोपरे झिजून तो गोल झाला आहे. धातू हलका वापरलाय कंपनीने. मुलीने मेकॅनिकला बोलवू का विचारलं. म्हटलं, गरज नाही, उद्या सकाळपर्यंत होतं.

९ जून, रविवार. सकाळी ८
झालं नाही. गिअरबॉक्स कोरडा. गाडी जॅकवर, मी गाडीखाली.
मेहुणा साडेसातलाच आला होता. इतक्या वेळेवर कसा? सामान त्याच्या गाडीत गेलं. मुलीने आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग वाकून म्हणाली की बाबा, बाहेर या ना. मी म्हटलं, डोळ्यांत तेल गेलंय, तू नीघ. गिअरबॉक्समध्ये थेंबभर तेल नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१० जून, सोमवार
हिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने वरच्या बोल्टावर नट वेल्ड करून तो पाच मिनिटांत काढला, जुन्या गाडीचा एक बोल्ट शोधून आणला आणि जीएल-४ भरलं. मी लक्ष ठेवून होतो. डबा सीलबंद होता, हे मान्य करावं लागेल.
गाडी चालू केली. पहिला गिअर: कर्रर्र! मनातून बरं वाटलं. म्हटलं, बघा, चारने काही झालं नाही. वाकून त्याने क्लचखालची मॅट ओढून काढली आणि मला म्हणाला, आता क्लच पूर्ण दाबून गिअर टाका.

११ जून, मंगळवार. सकाळी ७.१०
मुलीचा मेसेज: ऑफिसला निघाले, गाडी कशी आहे?
खाली जाऊन बघितलं. पहिला गिअर अलगद पडतो. कुठे जायचं नाहीये.