बाजाराच्या मैदानातला वाळा

बाबा, आज धाकट्या नातीचं खेळणं फुटलं आणि त्यातून लोहचुंबकाची चकती निघाली. ती फरशीवर टाचण्या ओढत बसली आहे, आणि मी मात्र कामरगावच्या बाजाराच्या मैदानात उभी आहे, तुमच्या मागं, हातात डबा धरून.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, तुमचं सायकलदुरुस्तीचं दुकान उघडण्याआधी, आपण तिथं जायचो. मंडपवाल्यानं टाकून दिलेल्या भोंग्यातला चुंबक तुम्ही काठीला बांधला होता. पत्रावळी, शेण, केळीची सालं, तुडवलेला कडबा, सगळ्यातून तो सावकाश फिरायचा. निघायचे बहुतेक खिळेच. पण एखादी पावली टक्कन चिकटली की तुम्ही लहान मुलासारखे हसायचात. तांब्याचा पैसा मात्र चिकटायचा नाही. मी कारण विचारलं तर म्हणालात, "चुंबक तांब्याले ओयखत नाही, चांदीलेही नाही. त्याच्यासाठी डोये लागतात."

आणे जाऊन नवे पैसे यायच्या आदल्या हिवाळ्यात एक बाई तिथं आधीच येऊन वाकून काहीतरी धुंडाळत होती. रिठदकडून तूर कापायला आलेली, कडेवर लेकरू. त्याच्या एका पायात चांदीचा वाळा, दुसरा पाय उघडा.

"काय हरपलं, बाई?" तुम्ही विचारलं.

"पोराचा वाळा. माह्या मायनं मरताना देल्ला होता, भाऊ."

तुम्ही काठी बाजूला ठेवली, शेजारून पिठाची चाळणी मागून आणली आणि मातीत बसलात. गिऱ्हाइकं येऊन बंद दुकान बघून परत गेली. कुणी हसत विचारलं, "मिस्त्री, कायले माती चायून राह्यले?" तुम्ही मान वर केली नाही.

गुळाच्या गाड्या उभ्या राहतात तिथल्या कडब्यात तो मला दिसला. मी उचलला. फ्रॉकच्या खिशात टाकला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्या पायांत कधी चांदी नव्हती, एवढंच. ती बाई माझ्यापासून चार हातांवर माती उपसत होती आणि मी खिशावर हात दाबून उभी होते.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझ्या हाताकडे. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर थोबाडीत बसणार. तुम्ही उठलात, चाळणी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तू चाय. माह्या डोयाले काई दिसून नाही राह्यलं." आणि पाठ करून विडी पेटवत बसलात, बराच वेळ.

मी वाळा चाळणीत टाकला. वर माती घातली, हलवली आणि म्हणाले, "सापडला."

त्या बाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. घरी तुम्ही आईला सांगितलंत, "पोरीचे डोये लय तेज हायेत." पुढं इतकी वर्षं सोबत राहिलो, पण त्या दिवसाबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाही, आणि मीही नाही. तुम्ही गेलात तेव्हा उशाशी बसले होते. तेव्हाही ओठांवर आलं होतं.

हे पत्र वहीतच राहील. आत्ताच नातीनं विचारलं, "आजी, तू लहानपणी काय शोधायचीस?" मी तिला वाळ्याची गोष्ट सांगितली. चाळणीत सापडला, असंच सांगितलं.