हि हुड मी शीवली

बाबा, गेल्या रविवारी बेलापूरला जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते आणि तेथे मी आपली लाल अमेरिकन गाडी पाहिली. ‘आपली’ हे सर्वनाम येथे चुकीचे आहे, हे मी जाणतो. पण पनवेलच्या हमरस्त्यालगत तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती दोन महिने उभी होती आणि तुमचा चहा तिच्यापायी गार होई, म्हणून आई तिला सवत म्हणत असे. तेव्हा तो शब्द राहू देतो.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. तुम्ही ट्रकची ताडपत्री शिवत होता, रिक्षांना हूड घालून देत होता. या गाडीचे इंजिन सुरू केले की शेडचे पत्रे थरथरत. अशा गाड्या कारखान्याने मोजक्याच काढल्या, असे तिचे मालक, मुंबईचे एक वृद्ध शेठ, सांगत. ती एका संग्राहकाकडे जायची होती, पण हूडचे, म्हणजे वरच्या छताचे, कापड विरून गेले होते. तुम्ही ते टाका टाका उसवून जमिनीवर मांडले, त्यावरून नवे बेतले आणि शिवले.

शेवटच्या दिवशी मी शाळेतून येतो, तर तुम्ही हूडच्या आतल्या अस्तरावर शिंप्याच्या खडूने लिहीत आहात: ‘हि हुड मी शीवली’, आणि खाली नाव. त्या अक्षरांवर लाल दोऱ्याने टाके घालायचे होते. त्यापूर्वी तुम्ही कोणत्याही कामावर नाव घातले नव्हते. मी नुकताच मराठीचा शिक्षक झालो होतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवल्या, हा शब्द स्त्रीलिंगी नाही असे बजावले आणि ओल्या फडक्याने ओळ पुसली. तिच्याबरोबर नावही गेले.

‘बरं मास्तर, तू लिव. मी वरून टाके घालतो,’ तुम्ही म्हणालात. मग शेठ आले, गाडी निघाली. ‘ऱ्हाऊ दे. कोन उलटून वाचनार हाय?’ असे म्हणून तुम्ही सुया डबीत ठेवल्या.

रविवारी मी कोपऱ्यातली शिवण चाचपली. दोरा संपवताना तुम्ही घालत असलेले तीन आडवे टाके तेथे आहेत. आताचा मालक तरुण, अदबशीर आहे. ‘काका, ही हूड ओरिजनल आहे, अमेरिकेतून आलेली. अशी शिलाई इकडे होत नाही,’ असे त्याने मला समजावले. माझ्या वडिलांचे काम आहे, असे मी सांगितले. त्याने विचारले, ‘कुठे काही लिहिलंय का?’

‘नाही,’ मी म्हणालो. त्याच्या वाक्यातली ‘ही’ मात्र मी सुधारली नाही.

बाबा, शेठ लवकर आले म्हणून ओळ राहिली, असे मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगत आलो. शेठ ठरल्या वेळीच आले होते. खडू तासभर माझ्या हातात होता. ‘हा’ लिहावे की ‘हे’, ते मला ठरवता आले नाही आणि तुमच्यापाशी तसे कबूलही करवले नाही. हे पत्र घडी घालून व्याकरणाच्या पुस्तकात ठेवतो आहे. तुमचे आणि त्या तरुणाचे वाक्य वगळता, हूड पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे उघड होईल असे एकही वाक्य मी यात येऊ दिलेले नाही.