बाबांच्या कॉम्प्युटरबद्दल

मंगळवार, दि. ९ जून

चि. थोरल्यास,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. छोटीचा खोकला थांबला का? तिला पंख्याखाली झोपवू नका. पानांच्या मागे बाबांच्या छापखान्यातली जुनी प्रुफं आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. कोरी बाजू वाया कशाला घालवायची? फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "आई, नंतर बोलतो" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

बाबा दोन घास बरे जेवतात. उजवा हात आहे तसाच लुळा. मालिशवाल्या बाई रोज येतात. वाचा परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होतेच. ते आपण सोसलं, कारण लिहून बोलायला कॉम्प्युटर होता.

तू पाठवलेला टॅब त्यांना जमला नाही. काचेवर बोट कुठे टेकवायचं तेच कळेना. जुन्या कळांवर मात्र डावा हात आपोआप चालायचा. जन्मभर त्याच कळांवर लोकांच्या लग्नपत्रिका आणि निधनाच्या बातम्या जुळवल्या त्यांनी. आजारातून उठल्यावर पहिलं वाक्य काय लिहिलं, आठवतं ना? "मी गप्प झालो, तरी घरातलं बोलणं कमी झालेलं नाही." मी फणकाऱ्याने स्वयंपाकघरात गेले आणि तिथे पोटभर हसले.

तू इकडून परत गेलास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. मी लगेच तुला फोन लावला.

"आई, मागची वायर काढून परत लाव."

"लावली."

"घट्ट?"

"अरे, टेबलाखाली गुडघे टेकून बसलेय, आणखी किती घट्ट?"

"बरं, पडद्यावर काय आलंय ते वाच."

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, तेही गंजलेलं. एकेक अक्षर लावून वाचलं, तर फोन एकदम शांत. मला वाटलं लाइन गेली, मी आपली हॅलो हॅलो करतेय. मग तू म्हणालास, "काही नाही गं, वायरच सैल असेल. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्लगला लावायला सांगितलंस. मग बटण दाबून धरायला. मग दिवसभर थंड होऊ द्यायला. दर वेळी बटण दाबण्याआधी मी हात जोडत होते. देवालाही फुकट कामाला लावलं. बाबा सकाळी अंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत येऊन बसायचे आणि काळ्या पडद्यासमोर डावा हात कळांवर ठेवायचे.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं आणि विचारलं, "काकू, यातली डिस्क कोणी काढली?"

मला डिस्क म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, सगळं साठवलेलं असतं ती डबी. तिच्याशिवाय मशीन म्हणजे रिकामं कपाट. स्क्रूसुद्धा नव्हते. मी म्हटलं, "आम्हीच काढून ठेवलीय." नुकताच देवापुढे दिवा लावला होता मी, आणि लगेच खोटं बोलले. कारण ते झाकण आमच्या घरात एकानेच उघडलं होतं. मी प्रवचनाला निघाले तेव्हा तू म्हणाला होतास, "तू जा, मी जरा धूळ साफ करतो." मी शेजारी सांगतसुद्धा आले होते, मुलाचं बारीक लक्ष आहे हो!

तरी मन म्हणत होतं, नसेल. मग सूनबाईने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. छापखान्याच्या दारात बाबा, आणि त्यांच्या खांद्यावर तू. मूळ फोटो छत गळलं तेव्हा भिजून गेला, त्याची प्रत फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होती.

त्यानंतर मी तुला मुद्दाम फोन केला. "आता आणखी काय करून बघू?" असं विचारलं, की आता तरी बोलशील. तू म्हणालास, "जुना झालाय आई, भंगारात दे."

फोटो हवे होते तर मागायचेस. मी नाही म्हटलं असतं, हेही खरं. मला भीती वाटली असती. पण तू न विचारता डिस्कच नेलीस, आणि मग मला टेबलाखाली बसवून वायरी घट्ट करायला लावल्यास.

अजून संपलेलं नाही. दुरुस्तीवाल्याने दुसरी डिस्क बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. बाबांचा चेहरा असा उजळला की मी तुला मनातल्या मनात माफही करून टाकलं. त्यांनी सावकाश एक ओळ लिहिली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कशाला काही अर्थ नाही. छापखान्यापासूनची त्यांची जुनी मराठी अक्षरं, फॉन्ट म्हणतात ती, तुझ्याकडच्या डबीत राहिली होती. दुरुस्तीवाल्याने शोधली, त्याच्याकडे नव्हती. बाबांनी परत लिहिलं. परत तेच. मग त्यांनी हात मांडीवर घेतला आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं.

मी किती सांगितलं, अहो, मशीन चुकतंय, तुम्ही नाही. त्यांनी माझा हात थोपटला. मी समजूत घालतेय असंच त्यांना वाटतं. त्या दिवसापासून ते खुर्चीत बसलेले नाहीत. पाणी हवं असलं तरी खूण करत नाहीत, मी विचारीपर्यंत थांबतात.

माझ्या मॅट्रिकवर त्यांचा विश्वास नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते फक्त तुझं मानतात. म्हणून डिस्क पार्सलने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, त्यांच्यासमोर बसव, आणि तोंडाने सांग की त्यांचं डोकं शाबूत आहे आणि हे तू केलंस. मी त्यांना तुझं नाव अजून सांगितलेलं नाही. रविवारपर्यंत वाट बघते. मग मीच सांगेन. तेव्हा तुझी बाजू मला मांडता येणार नाही, कारण ती तू मला सांगितलेलीच नाहीस.

सूनबाईला आणि छोटीला या खेपेला आणू नकोस. बापाची माफी मागताना तुला कुणी पाहू नये, एवढं मला अजून वाटतं.

आई